कुसाबाईने बांधलेली ज्वारी

निफाडच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर जूनमध्ये फळ्यावर एक चौकोन काढायचा, त्याच्याभोवती दुसरा चौकोन, बाहेरच्याला बाण दाखवून ‘पेशीभित्तिका’ असं लिहायचं आणि पोरं उतरवून घेईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचं. तीनेक हजार पोरांनी माझ्यामुळे ती भिंत पाठ केली असेल. त्यांतल्या एकानेही ती बोटाने चाचपून पाहिली नसेल, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. भिंत चाचपून ओळखणारं माणूस मला भेटलं ते निवृत्तीनंतर, सायखेड्याला माझ्याच बांधावर. त्या माणसाची शाळा चौथीत सुटली होती.

कुसाबाईचं माहेर चांदवडकडचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती सायखेड्यात आली. पहिली दहा-बारा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीत गेली, मग ती आसपासच्या द्राक्षबागांत जाऊ लागली. छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवणं सगळं तिला येतं, पण तिचं नाव झालं ते बांधणीत. वेलीच्या काड्या तारेला सुतळीने बांधायच्या, इतक्या घट्ट की वाऱ्याने हलू नयेत आणि इतक्या सैल की फुगल्यावर कापू नयेत. कुसाबाई हे काम शेजारणीशी गप्पा मारत, हाताकडे न बघता करते. आता ती साठीला आली आहे. तिची बोटं सुतळीने चिरून चिरून इतकी खरखरीत झालीत की मोबाइलच्या पडद्याला तिचा अंगठा कळत नाही. फोन लावायचा असला की ती सुनेला, निकिताला, हाक मारते.

गावात तिचा दुसरा एक मान आहे. कडब्याची गाडी आली की लोक तिला बोलावून नेतात. ती पेंढीतून ज्वारीचं एक ताट उपसते, पेराच्या मधोमध अंगठ्याने दाबते, कडकन मोडते, क्षणभर कानाशी धरल्यासारखं करते आणि सांगते, “हा म्हैस खाणार नाय.” आणि म्हैस खात नाही. मला हे सगळं थोतांड वाटायचं. एकदा मी मुद्दाम तिने नाकारलेला कडबा घेतला. आमच्या म्हशीने तो चार दिवस नुसता तुडवला आणि मी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

मग तेजस्विनी आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता नाशिकला एका संशोधन प्रकल्पात काम करते, आणि तिला ज्वारी लावायला वीस गुंठे जमीन हवी होती. विहिरीजवळचा तुकडा पडीकच होता, तो मी दिला. काय करणार म्हणून विचारलं तर म्हणाली, ज्वारीच्या भिंती कच्च्या करायच्या आहेत. म्हटलं, लोक पक्क्या करायला धडपडतात, तुझं काहीतरी उलटंच.

उलटं नव्हतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावात कुणाची गाडी कुरकुरली तरी खापर त्याच्यावरच फुटतं. ते इथेनॉल साखरेपासून होतं, नाहीतर धान्यापासून. तेजस्विनीला ते ताटापासून हवं होतं. कणीस माणसाने खावं आणि उरलेल्या ताटावर गाडी चालावी, असा तिचा हिशेब. ज्वारीच्या ताटात साखर दोन ठिकाणी असते. रसातली तर पिळून निघते. पण खरा साठा असतो तो पेशींच्या भिंतींत. ती भिंत म्हणजे साखरेच्याच लांबच लांब माळा, एकमेकींना बिलगून बसलेल्या, आणि मधल्या फटींत लिग्निन भरलेलं, विटांमधल्या सिमेंटसारखं. ते सिमेंट फोडायला कारखान्यात ताट आम्लात शिजवावं लागतं, आणि त्यात इतकं इंधन जातं की निघणाऱ्या इंधनाचं कौतुक उरत नाही. म्हणून मुळात सिमेंटच कमी असलेलं झाड तयार करायचं. तशी ज्वारी असते, तिच्या पानाची मधली शीर पांढरी नसून तपकिरी असते. तेजस्विनीने तिचा संकर इथल्या उंच, गोड ज्वारीशी केला होता. वीस गुंठ्यांतल्या बऱ्याच भागात ती नुसतं बियाणं वाढवत होती. खरा प्रयोग होता बारा ओळींचा, ओळीत तीस झाडं. आठ ओळी मऊ, तपकिरी शिरेच्या, आणि चार नेहमीच्या टणक, तुलनेसाठी.

अडचण एकच होती, पण ती सगळ्यावर पाणी फिरवणारी. सिमेंट काढलं की झाड पडतं. वारा आला की मऊ ज्वारी लोळते, आणि लोळलेली ज्वारी कोणी लावत नाही. दोन वर्षं तेजस्विनीची मऊ झाडं आडवी झाली होती. हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. मऊ असून वाऱ्यात उभं राहणारं एक तरी झाड मिळालं तर काम पुढे चालणार, नाहीतर बी पाकिटांत भरून शीतगृहात ठेवायचं आणि प्रकल्प बंद. तीन वर्षांचं सगळं एका वाऱ्यावर येऊन ठेपलं होतं.

पिकाच्या देखभालीला मी कुसाबाईला लावून दिलं. ऑगस्टमधली गोष्ट. तेजस्विनीने तपासणीला बियाण्याच्या भागातली ताटं कापून आणली होती आणि माझ्या ओट्यावर ठेवताना ती घसरून पसरली. चिठ्ठ्या सुटल्या, मऊ-टणक सगळं एक झालं. पानं आधीच काढलेली, त्यामुळे शीर बघायचीही सोय नाही. ती कपाळाला हात लावून बसली. कुसाबाई शेजारी भाजी निवडत होती. तिने हात पुसले, एकेक ताट उचललं, अंगठ्याने दाबलं आणि दोन ढीग केले. तीन मिनिटं लागली असतील. तेजस्विनीने ते ढीग नाशिकला नेऊन तपासले. चाळीसपैकी एकोणचाळीस बरोबर होते.

पुढच्या खेपेला तिने सूक्ष्मदर्शक आणला, खास कुसाबाईसाठी; तिला ती मावशी म्हणायची. ब्लेडने ताटाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतला, त्यावर थेंब टाकला. या थेंबाने जिथे लिग्निन असेल तिथे लाल रंग चढतो. कुसाबाईने आधी विचारलं, याला हात लावला तर मोडणार तर नाही. मग पदर खोचून ती वाकली आणि बराच वेळ हललीच नाही.

“लय खोल्या हायेत,” ती म्हणाली. “एकीला एक लागून. लाल भिंतींच्या.” आणि थोड्या वेळाने, “ह्या बांधल्या कोणी?”

“झाडानंच, मावशी.”

“कधी?”

“रोज. ते उभं आहे ना समोर, ते आत्तासुद्धा बांधतंय.”

कुसाबाईने मान वर केली आणि विहिरीजवळच्या ज्वारीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाऊस उघडला होता, शेतात कोणी नव्हतं, आणि त्या गप्प हिरव्या ओळींमध्ये लाखो भिंती उभ्या राहत होत्या, एकही आवाज न करता. हेच मी एकतीस वर्षं शिकवलं होतं. अंगावर काटा आला तो त्या दिवशी, सत्तराव्या वर्षी.

कुसाबाई तेव्हापासून त्या पिकात वेगळीच वावरायला लागली. खुरपताना ताटाला धक्का लागला तर हात मागे घ्यायची. तेजस्विनी तिला म्हणाली होती, मावशी, एकही झाड वाया जाता कामा नये, ही तुमच्या भरवशावर आहेत. वाक्य चांगलं होतं. फक्त वाऱ्याबद्दल तिने कुसाबाईला काही सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी डोळे दाखवायला नाशिकला मंजुषाकडे, माझ्या मुलीकडे, गेलो होतो. मंगळवारी दुपारी तेजस्विनीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “सर, सायखेड्याला वारा सुटलाय.” छाटणीचे दिवस होते, अख्खा निफाड तालुका वारा-पाऊस नको म्हणून हात जोडत होता, आणि ही एकटी पोरगी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला स्कूटरवर मागे बसवलं. द्वारका चौकात पाऊण तास अडकलो. ट्रकांच्या धुरात ती मला समजावत होती की वाऱ्यानंतर लगेच मोजावं लागतं. किती झाडं पार आडवी, किती नुसती कलली, किती उभी. झाडं पुन्हा उचल घेतात, म्हणून उशीर चालत नाही.

पोचलो तेव्हा बारा वाजले होते. बाराही ओळी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असाव्यात तशा ताठ उभ्या होत्या.

माझ्या जुन्या द्राक्षबागेचे बांबू ओळींच्या टोकांना रोवले होते, प्रत्येक ओळीला दोन दोऱ्या ताणलेल्या, आणि झाडं त्यांना सुतळीने बांधलेली. कुसाबाई आणि निकिता सकाळी सहापासून वाकलेल्या होत्या. बिचाऱ्या जेवल्याही नव्हत्या. कुसाबाई चिखलाने भरलेली, हसत पुढे आली आणि म्हणाली, “एक बी वाया जाऊ दिली नाय, ताई.”

तेजस्विनी बांधावर बसली. मीच बोललो. मला राग आला की तोंडाला कडी राहत नाही, घरचे सांगतील. कोणी सांगितलं होतं बांधायला, तीन वर्षांचं वाटोळं केलं, असं बरंच काही मी निकितासमोर त्या बाईला बोललो. कुसाबाई ऐकत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. तो चेहरा आठवला की अजून माझी मान खाली जाते.

शेवटी तेजस्विनीने मला थांबवलं. तिने कुसाबाईला शेजारी बसवून सावकाश सांगितलं, की कोण पडतं आणि कोण उभं राहतं एवढंच आम्हाला बघायचं होतं. आता सगळीच उभी, म्हणून काही कळायचा मार्ग नाही.

कुसाबाईने हाताचा चिखल पदराला पुसला. मग म्हणाली, “कोण पडली व्हती ते कळंल की. गाठी बघा.”

आम्हाला काही समजेना तेव्हा ती उठून ओळीजवळ गेली. त्यांच्या टोळीची बागेतली एक रीत आहे. नुसत्या कललेल्या काडीला एक गाठ. पार खाली आलेलीला दोन, एक वर, एक खाली. धड असलेल्या काडीला सुतळी वाया घालवायची नाही. मालक नंतर फेरी मारतो तेव्हा गाठी बघूनच त्याला कळतं, कुठे वेल थकलीय आणि कुठे नवा बांबू हवा. तिने आणि निकिताने इथेही तसंच केलं होतं. दुसरं काही करायचं त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

तेजस्विनीने वही उघडली. तिला जी तीन खाती भरायची होती, ती तिन्ही शेतात सुतळीने लिहून ठेवलेली होती. ओळीमागून ओळ ती वाचत गेली. दोन, दोन, एक, दोन. टणक ओळींत जवळजवळ सगळं कोरं. नवव्या ओळीत ती थबकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. नववी ओळ मऊ होती. तीसपैकी अकरा झाडांना गाठच नव्हती.

“राहून गेली असतील,” मी म्हणालो.

“नाय राहिली,” कुसाबाई म्हणाली. आवाज शांत होता, पण माझ्याकडे न बघता.

तेजस्विनी गोंधळली होती. मावशींवर माझा विश्वास आहे, ती म्हणाली, पण मला विचारणारे विचारतील, की गाठ हा काय पुरावा. बांधलेलं झाड पडलं होतं हे तू पाहिलंस का?

कुसाबाईने कमरेचा विळा काढला. “बांधलं मी, तर सोडायचं बी मीच.”

पहिल्या ओळीपासून तिने सुरुवात केली. विळ्याचं टोक गाठीत घालायची, सुतळी तुटायची. झाड क्षणभर तसंच उभं राहायचं आणि मग हळूहळू, पानं सळसळत, खाली जायचं. दोन गाठींची पार जमिनीला टेकत होती, एका गाठीची कलून थांबत होती. तीन झाडं एक गाठ असूनही सरळ राहिली, त्यांच्यापुढे तेजस्विनीने प्रश्नचिन्ह टाकलं. बाकी सगळं गाठींनी सांगितलं तसंच. सहा तास खपून उभं केलेलं कुसाबाई स्वतःच्या हाताने पाडत चालली होती. प्रत्येक झाडाला हळूच काहीतरी म्हणत होती. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. “जा, बाई,” म्हणत होती.

नववी ओळ आली. गाठी सुटल्या, एकोणीस झाडं गेली. आणि मध्ये मध्ये, दोन इथे, एक तिथे, अकरा झाडं कशाचाही आधार नसताना उभी राहिली. आठवी ओळ आधीच आडवी, मग दहावीही आडवी झाली, आणि मध्ये ही अकरा. आम्ही चौघं चिखलात उभे होतो, त्या अकरांकडे बघत.

तेजस्विनीने पानं उलटून पाहिली. शिरा तपकिरी. तरीही तिला भीती वाटली की टणक बी मिसळलं असेल. तिने कुसाबाईकडे नुसतं पाहिलं. कुसाबाईने एका ताटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाबलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

“मऊच हाय,” ती म्हणाली. “पण साल धरून हाय.”

माझ्याकडेच ठेवलेला सूक्ष्मदर्शक ओट्यावर मांडला, अकरांतल्या एकाच्या फुटव्याचा काप घेतला. थेंब टाकला, रंग चढायची वाट पाहिली. तेजस्विनीने पाहिलं, बाजूला झाली आणि मला बोलावलं. मी पाहिलं. कडेने, ताटाच्या सालीलगत, लालभडक भिंतींचं एक कडं होतं, आणि त्याच्या आत सगळं फिकट, जवळजवळ बिनरंगी. सिमेंट होतं ते फक्त बाहेर.

कुसाबाई वाकली. या वेळी तिला वेळ लागला नाही. “आमच्या घरावानी हाय की,” ती म्हणाली. “भाईर वीट, आत कूड.”

तिचं घर मी पाहिलंय. बाहेरच्या भिंती सरकारी योजनेतल्या विटांच्या. आतल्या खोल्या पाडताना विटा संपल्या, तेव्हा तिने तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कूड घातला आणि शेणमातीने सारवून घेतला. वाऱ्यापावसाला वीट तोंड देते. आत पोरं वाढायला कूड पुरतो. तेजस्विनी तीन वर्षं सगळ्याच भिंती कच्च्या करत होती, आणि झाडाने आपल्या मनाने ठरवलं होतं की कोणती पक्की ठेवायची. संकरात बियांची सरमिसळ होताना हे अकरा जणांना साधलं. कसं साधलं ते अजून आम्हाला ठाऊक नाही. मी देवभोळा माणूस नाही, पण त्या दिवशी चपला काढून ओट्यावर बसलो होतो हे नंतर माझ्या लक्षात आलं.

निघताना मी कुसाबाईला म्हणालो, मघाशी मी बोललो ते चुकलो. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, सर. जेवायचं बघा आधी.” तेजस्विनीने वहीत सगळं जसंच्या तसं लिहिलं, बांधल्याचं, सोडल्याचं, गाठींच्या रितीचं, आणि कुसाबाईचं पूर्ण नाव. प्रकल्पाला आणखी एक वर्ष मिळालं.

दुसऱ्या वर्षी त्या अकरा झाडांच्या बियांची पहिली ओळ लावली, तीस झाडांची. या वेळी कुसाबाईला सगळं समजावून सांगितलेलं होतं, आणि तिने नीट मान डोलावली होती.

सप्टेंबरअखेरीस एका दुपारी आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. मी खिडक्या लावत होतो तेवढ्यात कुसाबाई डोक्यावर पोतं घेऊन आली आणि ओट्यावर बसली, शेताकडे तोंड करून. घरात या म्हटलं तर नको म्हणाली. ज्वारी वाकत होती, उठत होती, परत वाकत होती. कुसाबाईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तासभर ती तशीच बसून राहिली आणि मी तिच्या मागे दारात उभा राहिलो. वारा पडल्यावर ती चिखलातून त्या ओळीपर्यंत गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली आणि परत आली.

“चोवीस उभ्या हायेत,” ती म्हणाली. “सहा पडल्या. हात नाय लावला मी.”

मग तिने मूठ उघडून घरून आणलेली सुतळीची गुंडाळी माझ्या ओट्यावर ठेवली आणि पाय धुवायला नळाकडे गेली.